नसलेवाडीची चौकीदारीण

बुलढाण्याच्या कोर्टासमोर टिनाच्या शेडखाली टायपिंगवाल्यांची टेबलं आहेत. त्यातलं कडेचं टेबल संजीवनीचं. लोक समोरच्या स्टुलावर बसतात, आपलं गाऱ्हाणं सांगतात, आणि ती त्यांच्या वतीने 'मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की' असं कॉम्प्युटरवर बडवते. समोरचा धडधडीत खोटं सांगतो आहे हे तिला पहिल्या दोन वाक्यांत कळतं, पण विचारणं तिच्या कामात बसत नाही. लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. त्याचं रडगाणं तिने कुणापुढे गायलं नाही. चाळिशी ओलांडली, आणि घरी ती नि तिची आई रुखमाबाई अशा दोघीच राहत होत्या.

हे तिचं दिसणारं गाव. दुसरं गाव मोबाईलमध्ये होतं आणि त्याचं नाव नसलेवाडी.

नसलेवाडी म्हणजे डिस्कॉर्ड नावाच्या अ‍ॅपवर शे-दीडशे मराठी माणसांनी मिळून चालवलेलं लुटुपुटीचं गाव. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं. कुणी सावकार व्हायचं, कुणी कोतवाल, कुणी तमासगीर, आणि त्या सोंगाच्या तोंडून लिहायचं. एकाने लिहिलं की दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं, आणि अशी गोष्ट पुढे सरकत राहायची. त्यासाठी दोन कप्पे होते. सोंगातलं बोलणं 'गावात' आणि सोंग उतरवून स्वतःचं बोलणं 'ओट्यावर'. नियम साधा होता, पण माणसांना साधे नियमच पचत नाहीत.

संजीवनीचं सोंग गोदामावशीचं. किराणा दुकान चालवणारी, तोंडाची फटकळ, उधारीवाल्याच्या सात पिढ्यांची चौकशी करणारी बाई. गोदामावशी अर्थातच वऱ्हाडी बोलायची. ते वाचून पुण्याकडची मंडळी हरखून जायची. "काय बोली पकडली आहेस! किती अभ्यास केलास?" संजीवनी कपाळाला हात लावायची. अभ्यास कसला डोंबलाचा? हीच तिची घरची बोली. अभ्यास तिला ओट्यावर लिहिताना करावा लागायचा. सुरुवातीला एकदा ती तिथे सहज 'मले वाटते' असं लिहून गेली, तर चार जणांनी हसरी तोंडं टाकली आणि एकाने लिहिलं, "मावशी, ओट्यावर सोंग उतरवा की आता!" तेव्हापासून ओट्यावर ती कोर्टाच्या कागदासारखी स्वच्छ, इस्त्रीची मराठी लिहू लागली. खरी संजीवनी गोदामावशीच्या तोंडून बोलायची आणि ओट्यावर बसायची ती कुणी तिसरीच बाई. हे तिथल्या एकाच्याही लक्षात आलं नाही.

पुढे तिला चौकीदार केलं. चौकीदार म्हणजे गावाची व्यवस्था पाहणारे तिघे-चौघे. नव्या माणसाचं सोंग तपासून त्याला आत घ्यायचं, भांडणं सोडवायची, शिवीगाळ पुसायची. ऐकायला मानाचं आहे. प्रत्यक्षात ते लग्नघरातल्या वाढप्याचं काम. सगळ्यांच्या पानात पडेपर्यंत आपण उभं राहायचं आणि मीठ कमी पडलं की ओरडा आपणच खायचा. सोंग मंजूर व्हायला दोन दिवस लागले की लोक लिहायचे, "चौकीदार झोपलेत का?" एखाद्याला नाही म्हटलं की त्याला वाटायचं, हिचा माझ्यावर जुना राग आहे. राग धरायला त्याची ओळख तरी असायला हवी ना! दिवसभर दुसऱ्यांचे कज्जे टाइप करून घरी यावं, भाकरी टाकावी, आईला गोळ्या द्याव्यात आणि मग मोबाईल उघडून पाहावं तर दोन शहाणे, त्यातला एक इंजिनिअर, तलवार आधी कुणी उपसली यावरून हमरीतुमरीवर आलेले.

रुखमाबाईला हे सगळं बघून नवल वाटायचं.

"काय पाह्यतं व त्या मोबाईलात सारखी?" ती विचारायची.

"भांडन सोडवून राह्यली, माय."

"कोनाचं?"

"मले तरी काय मालूम!"

"पैसे देतात का थे तुले?"

"नाई व."

"मंग काऊन करतं?" रुखमाबाई म्हणायची आणि कूस बदलून पडायची. संजीवनीकडे उत्तर होतं, पण ते बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. कोर्टासमोर तिला सगळे 'ओ मॅडम, एवढं मारून द्या' म्हणत. नसलेवाडीत तिच्या एका वाक्यावर माणसं खळखळून हसत, ती आली नाही तर तिची वाट पाहत. तिला तिथे किंमत होती. निदान तिला तसं वाटत होतं, आणि त्या वाटण्यावर तिने सहा वर्षं काढली.

मधे डिंपलचं प्रकरण झालं. नाशिककडची कॉलेजातली पोर, गावात तिचं फुलवाचं सोंग. कोतवालाचं सोंग घेतलेला एक जण कथेत तिच्या प्रेमात पडला, आणि कथेतून बाहेर यायचं विसरला. गोड बोलून त्याने तिचं खरं नाव काढलं, मग कॉलेज काढलं, आणि एक दिवस चक्क कॉलेजच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. पोरगी घाबरून गेली. संजीवनीने त्याला त्याच दिवशी गावाबाहेर काढलं. पण कोतवाल लिहायचा झकास, म्हणून अर्धं गाव त्याच्या बाजूने उठलं. हुकूमशाही चालली आहे म्हणाले, स्वतःला काय समजते म्हणाले. एकाने तर लिहिलं की हिला घरी कुणी विचारत नसेल म्हणून इथे राज्य करते. संजीवनीने ते वाचलं, पुसलं, आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

त्यानंतर तिने स्वतः बसून दोन नियम लिहिले. पहिला, कुणीही कुणाच्या खऱ्या घरची चौकशी करायची नाही आणि खरं नाव-गाव उघड्यावर टाकायचं नाही. दुसरा, सोंगातलं कुणी मनाला लावून घ्यायचं नाही, आणि एखादा मजकूर खरंच आपल्याला लागला तर पुराव्यासकट तक्रार करायची. तिचा निवाडा दुसरा चौकीदार करील, स्वतःच्या तक्रारीत चौकीदारानेही स्वतः हात घालायचा नाही. नियम चांगले होते. त्यांनी डिंपलसारख्या आणखी किती पोरी वाचवल्या असतील देव जाणे.

आणि एका सकाळी रुखमाबाई गेली. चहा मागितला, आणि संजीवनी कप घेऊन आली तर मान एका बाजूला कललेली. आजार काही नवा नव्हता, पण इतक्या गुपचूप जाईल असं वाटलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरचे स्टॅम्पवाले फकीर मोहम्मदचाचा टेबल बंद करून धावत आले. गाडी, लाकडं, नातेवाइकांना फोन, सगळं त्यांनी पाहिलं. त्यांच्या बानोचाचींनी घरून डबा पाठवला, कारण संजीवनीच्या घरी चूल पेटणार नव्हती.

"बेटी, दो निवाले तो खा," चाचा म्हणाले.

तिने खाल्ले. मग भिंतीशी बसून मोबाईल उघडला. सहा वर्षांत तिने कधी न सांगता सुट्टी घेतली नव्हती, म्हणून कळवायला हवं होतं. पण खरी गोष्ट अशी की तिला कुणाला तरी सांगायचं होतं. तिने ओटा उघडला आणि लिहिलं. इस्त्रीची मराठी त्या दिवशी तिला आठवलीच नाही.

"माय गेली माही. सकायी चहा मांगतला, अन् चहा होयेपर्यंत गेली. मले काई सुचून नाई राह्यलं. मी काई दिवस येत नाई. गाव सांभाया."

पाठवलं आणि फोन उशाखाली सारला.

पुढचे दिवस नातेवाईक, दहावं, तेरावं यांत गेले. फोन उघडायची इच्छा झाली नाही असं नाही. पण मनात एक हिशेब होता की आपण जरा थांबू, उघडू तेव्हा माणसांचे दोन शब्द साठलेले असतील. सगळे पाहुणे गेले आणि घर रिकामं झालं, तेव्हा चहाचा कप घेऊन ती बसली आणि तिने ओटा उघडला.

तिच्या निरोपाखाली पहिलंच उत्तर होतं, "बाप रे, काय प्रसंग लिहिलाय! अंगावर काटा आला मावशी."

त्याखाली, "गोदामावशीला आई होती? म्हातारी शंभरीची असणार!"

त्याखाली, "पण हे ओट्यावर का टाकलंय? गावात टाका ना."

आणि कुणीतरी चौकीदाराचा हक्क वापरून तो निरोप उचलून गावात नेऊन ठेवला होता. व्यवस्थित. नियमाप्रमाणे.

गावात मग या मरणाचा सोहळा झाला होता. सावकाराने तिरडी बांधली, तमासगिराने वैराग्याचं गाणं रचलं. लोकांनी इतकं जीव ओतून लिहिलं होतं की वाचताना संजीवनीचे डोळे दोनदा भरून आले, आणि दोन्ही वेळा तिला स्वतःचा संताप आला. शेवटी सावकाराने गोष्टीला वळण दिलं होतं. रडणाऱ्या गोदामावशीला तो बाजूला घेऊन सांगतो, की तुझी आई तरुणपणी माझ्या बापाची ठेवलेली बाई होती, तुझं किराणा दुकान त्याच पैशातून उभं राहिलं. त्यावर लोकांनी टाळ्यांची बरसात केली होती. वर्षातलं सर्वांत जबरदस्त वळण, असं कुणी लिहिलं होतं.

रुखमाबाईने नवरा गेल्यावर तीस वर्षं लोकांच्या शेतात निंदणं-खुरपणं करून पोर वाढवली होती. एका शब्दाने तिच्याकडे बोट दाखवायची कुणाची छाती झाली नव्हती. आणि तिची राख थंड होते न होते तोच कुठल्याशा खुर्चीत बसून कुठल्याशा माणसाने तिला ही उपाधी देऊन टाकली होती. त्याचा दोष काय, तर काही नाही. त्याने गोदामावशीच्या आईबद्दल लिहिलं होतं. चुकून ती संजीवनीची निघाली.

एका बोटाच्या दाबाने ते सगळं पुसता आलं असतं, तेवढा हक्क तिच्याकडे होता. पण स्वतःच्या तक्रारीत हात घालायचा नाही, हा नियम तिचाच. तिने ओट्यावर रीतसर तक्रार केली. "सावकारांचा शेवटचा मजकूर काढावा ही विनंती. कारण व्यक्तिगत आहे."

सावकाराचं उत्तर लगेच आलं. राग नव्हता, उलट आदर होता. "मावशी, तुम्हीच शिकवलंत ना, सोंगातलं मनाला लावून घ्यायचं नाही? मी रात्र जागून लिहिलंय ते."

"ती माझी खरी आई होती," संजीवनीने लिहिलं. इस्त्री परत आली होती.

मग एकाने अडखळत लिहिलं, "म्हणजे हेही सोंगातच आहे की...?" दुसऱ्याने लिहिलं, "नियम सगळ्यांना सारखा हवा. पुरावा मागायला नको का?"

माणसांना पुरावा मागायची सवय तिनेच लावली होती. तिने कपाटातून नगरपालिकेचा मृत्यूचा दाखला काढला. फोटो घेतला. खरं नाव-गाव उघड्यावर टाकायचं नाही म्हणून नाव, पत्ता, वडिलांचं नाव, सगळ्यावर काळी पट्टी ओढली आणि पाठवला.

"यात तर काहीच दिसत नाहीये," एक जण म्हणाला. खरंच होतं ते. काहीच दिसत नव्हतं.

तेव्हा तिचा तोल गेला. पट्टी न ओढता दाखला तसाच टाकला, आणि खाली लिहिलं, "रुखमाबाई नाव होतं तिचं. रुखमाबाई. आता वाचा सगळे."

आणि मग मात्र सगळे धावले. हात जोडलेली चित्रं, रडकी तोंडं, फुटलेली हृदयं. सावकाराने स्वतःच मजकूर काढून टाकला आणि माफी मागितली, ती खरीखुरी होती, तिच्यात सोंग नव्हतं. दुसरी चौकीदार पायल, पुण्याची, हिने खासगीत लिहिलं, "संजीवनी, मला खूप शरम वाटतेय गं. तू ओट्यावर कधी तसं लिहीत नाहीस, म्हणून मला वाटलं मावशीच बोलतेय. तो निरोप गावात मीच हलवला. आणि नंतर एकदा शंका आली होती, पण घरचं विचारायचं नाही ना आपल्यात."

संजीवनीला तिचा राग येईना. तिने लिहिलं, "चालायचंच."

पलीकडे पायल बराच वेळ काहीतरी लिहून खोडत असावी. मग आलं, "आणखी एक. वाईट वाटतंय सांगायला. पण तो दाखला अजून उघड्यावर आहे. नाव, पत्ता, सगळं. तुझ्याच सुरक्षिततेसाठी. काढू का?"

"मी काढते," संजीवनीने लिहिलं. तिने दाखल्यावर बोट दाबून धरलं, मग नावाच्या ओळीवर. नसलेवाडीत सहा वर्षांत कुणी उघड्यावर लिहिलेलं ते एकच खरं नाव, आणि ते पुसायला दोन क्षण पुरले.

ओट्यावर सांत्वनं अजून येत होती, पण विरळ. तेवढ्यात एका नव्या सदस्याने, अगदी नम्रपणे, चौकीदारांना उद्देशून विचारलं, "माफ करा, हे विचारायची वेळ नाही. पण पुढचं लिहायला अडलंय. गोदामावशीची आई आता गोष्टीत जिवंत धरायची की गेलेली?"

प्रश्न रास्त होता. अशा प्रश्नाचं उत्तर चौकीदाराने द्यायचं असतं, आणि पायल गेल्यावर ओट्यावर चौकीदार म्हणून तीच हजर होती. शेजारच्या कपातल्या चहावर निवून साय धरली होती. संजीवनीने कप बाजूला सारला.

"गेलेली," तिने लिहिलं.

खाली भराभर अंगठे उमटले, आणि गावात पुढची गोष्ट सुरू झाली.