पहिल्या पायावर हातोडी

सकाळपासून धुकं असं ठाण मांडून बसलं होतं की हलायचं नाव नाही. अशा हवेत प्लास्टर रुसतं. कंडक्टरच्या गुडघ्याखाली उरलेल्या पायावर बाईंनी ओल्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या आणि सारखी टिचकी मारून बघत होत्या. आवाज अजून ओलाच.

"आज तुमचा सत्कार, आणि बाई, तुम्ही माझ्या पायाशी!" कंडक्टर म्हणाला. "पाप लागेल मला."

"हलू नकोस. ठसा बिघडला तर पापाचं जाऊ दे, जन्मभर लंगडशील."

इस्पितळाच्या मागच्या अंगाला बाईंचा कारखाना. तिथं कृत्रिम पाय बनत, आणि पाय बनवणारी माणसंही. जग बाईंनी पाहिलं ते नकाशातच. पण त्यांच्या हाताखालून गेलेले लोक कुठल्या कुठल्या देशांत पाय बनवत होते. म्हणून तर ज्या विद्यापीठात त्या यंत्रं शिकल्या, तेच आज त्यांना 'जागतिक नेतृत्व आणि मार्गदर्शन' असा भारदस्त पुरस्कार देणार होतं. त्या पुरस्काराची एक रीत होती. मानकऱ्याबद्दल बोलायचं ते त्याच्याच एखाद्या शिष्यानं. आणि काल फोन आला की बोलायला जिराफ येणार आहे.

तेव्हापासून बाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

जिराफ म्हणजे उंच मानेची, उंच आवाजाची, सगळ्यांत हुशार पोरगी. कारखान्याचा शिरस्ता होता की शिकणाऱ्यानं बनवलेला पहिला पाय बाई सगळ्यांदेखत हातोडीनं फोडायच्या. चांगला असो, वाईट असो. पहिल्या पायाचा मोह सुटला की दुसरा नीट होतो, असं त्यांचं म्हणणं. कुणी डोळे पुसले, कुणी हसलं, सगळ्यांनी सोसलं. जिराफनं मात्र पाय छातीशी धरला, "हात लावून बघा" म्हणाली, आणि गेली ती गेलीच. ना पत्र, ना फोन. पुढं परदेशात तिनं स्वतःचे कारखाने उभे केले, ते बाईंना इतरांकडून कळत राहिलं.

टिचकीचा आवाज एकदाचा खणखणीत आला. बाईंनी ठसा उतरवला, हात धुतले, तरी नखांत पांढरं राहिलंच.

दारात नवरा गाडी काढून उभा. "अगं, साडी बदललीस आणि चपला कारखान्यातल्याच?"

"माझ्या पायांकडं कोण बघतंय?"

"तू आयुष्यभर दुसरं काय बघितलंस?"

बाई परत फिरल्या, चपला बदलल्या, गाडीत बसल्या आणि वाटभर पदराचं टोक पिळत राहिल्या.

सभागृहात त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. जिराफ मंचावर चढली. केस पिकलेले, मान तशीच. तिनं पिशवीतून एक जुना पाय काढला आणि भाषणाच्या मेजावर ठेवला. कुलगुरूंनी खुर्ची जरा मागं सरकवली.

"हा माझा पहिला पाय," ती म्हणाली. "बाई हा फोडणार होत्या. मी पळवला. शेजारी एक सुतारकाका होते, त्यांना हौसेनं बसवला. दोन दिवसांत त्यांना जखम झाली. बाईंची हातोडी बरोबर होती."

बाईंच्या खांद्यावरचं ओझं उतरायला लागलं, तोच ती पुढं बोलली.

"पण बाई, जखम बघून मी जे शिकले ते हातोडीनं शिकले नसते. फोडलेला पाय बोलत नाही. माझ्याकडं पहिला पाय कुणी फोडत नाही. ज्याच्या मापाचा, त्याला माझ्यासमोर घालायला लावते, दोन पावलं चालवते, आणि शिव्या खायला बनवणाऱ्याला शेजारी उभं करते. हे मी बाईंशी भांडून शिकले. भांडण्याजोगा गुरू सगळ्यांना मिळत नाही."

टाळ्या पडल्या. बाईंचे कान तापले होते. मानचिन्ह घेऊन त्या माईकपुढं आल्या आणि म्हणाल्या, "पाय खराबच होता. हातोडी आणली असती तर आत्ताही फोडला असता." सभागृह खदखदून हसलं. बाई हसल्या नाहीत.

खाली उतरताना जिराफ आडवी आली. "रागावलात?"

"रागावले. संध्याकाळी कारखान्यात ये. तो पाय घेऊन ये."

जेवणाला न थांबता त्या निघाल्या. गाडीत नवऱ्यानं हळूच विचारलं, "टोचलं ना?"

"पुढं बघून गाडी चालवा."

संध्याकाळी कारखान्यात सगळे जमलेले; जिराफही, तो जुना पाय घेऊन. नर्सची नोकरी सोडून हे काम शिकायला आलेल्या एका बाईंचा पहिला पाय आज टेबलावर तयार होता. सरावाला म्हणून तो कंडक्टरच्याच जुन्या मापावर बेतलेला. हातोडी शेजारी कुणीतरी पुसूनही ठेवली होती. नर्सबाईंनी आधीच ओठ आवळले होते.

बाईंनी हातोडी उचलली. पाय उलटासुलटा केला, सॉकेटच्या आत, जिथं उरलेला पाय टेकतो तिथं, अंगठा फिरवला. एक कड जाड राहिली होती. हात शिवशिवला. सवयीचा हात तो, असा थोडाच ऐकतो!

"कंडक्टर, घाल हा. जिन्याच्या दोन पायऱ्या, कठड्याला धरून. तिसरी चढलास तर बघ. आणि नर्सबाई, तुम्ही जा त्याच्याबरोबर."

"आणि हातोडी?" कुणीतरी विचारलं.

"मला काम आहे तिचं."

सकाळच्या बादलीत प्लास्टर वाळून दगड झालं होतं. बाईंनी मानचिन्ह खिडकीत ठेवलं, स्टूल ओढलं, बादली मांडीशी धरली आणि ठोकायला लागल्या. ढलप्या उडायला लागल्या. कान मात्र जिन्याकडं.

"आई गं! टोचतंय!" कंडक्टर ओरडला.

"कुठं?" नर्सबाईंचा आवाज.

बाईंची हातोडी क्षणभर थांबली, मग बादलीवर पुन्हा पडली.