तात्यांची पकड

तात्यांच्या हातातून काही पडत नसे. हे मी कौतुकानं नाही, पाहणी करून सांगते आहे. तीन महिने आमच्या घरात त्यांच्या हातांवर डोळा ठेवून बसण्याचंच काम चाललं होतं.

तात्या म्हणजे माझे सासरे. भीमेकाठचे भोई. शाळा दुसरीपर्यंत, त्यानंतर नाव आणि जाळं. मुलगा, म्हणजे माझा नवरा नितीन, पुण्यात शिकून इंजिनियर झाला आणि आम्ही दोघं जर्मनीत एर्लांगेनला येऊन पडलो. तो नोकरीत, मी युनिव्हर्सिटीत पीएचडीला. तात्यांनी सत्तरी ओलांडली आणि त्यांचे हात थरथरायला लागले. नितीनचा चुलतभाऊ पांडू फोनवर सांगायचा, "दादा, नावेत उभं ऱ्हात्यात आन् हात असं हलत्यात की माझाच जीव वरखाली व्हतो." नितीननं हुकूम काढला: नाव बंद. तात्यांनी तो हुकूम भीमेत बुडवला. वर्षभर फोनवर बापलेकांची जुंपलेली. शेवटी तात्याच म्हणाले, "हात कापतो, पकड न्हाई कापत. तुझ्याकडं येतो. तीन महिनं डोळ्यांत तेल घालून बघ. एक जरी वस्तू माझ्या हातातनं निसटली, तर नाव पांडूला. न्हाई निसटली, तर मरेस्तवर तू नावेबद्दल चकार शब्द काढायचा न्हाई."

नितीन म्हणाला, "ठरलं." दोघंही एकाच मातीचे, त्यामुळे ठरलं म्हणजे ठरलं.

दोन हजार चारच्या डिसेंबरात तात्या आले. धोतरावर लोकरी स्वेटर, त्यावर नितीनचा जुना कोट, डोक्याला माझा मफलर. खरं सांगते, विमानतळावर मला थोडी लाज वाटली होती, आणि आता त्या लाजेची लाज वाटते. पहिल्याच सकाळी त्यांनी स्वतः चहा केला आणि तीन काठोकाठ भरलेले कप ट्रेमध्ये घेऊन आले. हात थरथरत होते, अगदी दिसण्याइतके. ट्रे मात्र टेबलावर ठेवल्यासारखा स्थिर. मी बघतच राहिले. त्यांचा अंगठा प्रत्येक गोष्टीवर एका विशिष्ट जागी जाऊन बसायचा आणि मग ती वस्तू त्यांची होऊन जायची. कप असो, अंडं असो, बर्फाळ जिन्यावरून आणलेली दुधाची बाटली असो.

नितीन डाव खेळायचा. भांडी घासताना साबण लागलेले निसरडे ग्लास मुद्दाम त्यांच्या हातात द्यायचा. तात्या ग्लास घ्यायचे, पुसायचे, फळीवर ठेवायचे आणि शांतपणे म्हणायचे, "बापाला सापळा लावतोस व्हय रं? माशानं शिकवावं का भोयाला?" मी तोंडाला पदर नसल्यामुळे टॉवेल लावून हसायचे.

पण दोन खोल्यांच्या घरात तात्या करणार काय? बाहेर उणे आठ. टीव्ही जर्मनमध्ये. चौथ्या दिवशी ते खिडकीशी उभे असताना खालच्या मजल्यावरचे हेर, म्हणजे श्रीयुत, लिंडनर गळाच्या काठ्या घेऊन सायकलवर निघालेले त्यांना दिसले. तात्या जागचे हलले. "सूनबाई, ह्यो गडी मासं धरायला चाललाय. इतक्या थंडीत? चल, चपला घाल."

लिंडनर लेथवर आयुष्य काढून निवृत्त झालेले, एकटे, फ्रँकन मुलखातले, म्हणजे बोलण्याच्या बाबतीत कंजूष. फार खूश झाले तर "पास्ट शो" म्हणणार. म्हणजे आपलं "चालतंय". शहराबाहेर वाळू काढून झालेल्या खाणीत पाणी साचून तळं झालं होतं, तिथे त्यांच्या क्लबला मासे धरायचा परवाना. त्या शनिवारी नितीननं आम्हाला गाडीनं तिकडे नेलं. तळ्याच्या कडेला बर्फ धरलेला, मधे काळं पाणी. तात्या कितीतरी वेळ बघत उभे राहिले. आयुष्य पाण्यावर काढलेल्या माणसानं पाण्याला झाकण लागलेलं पहिल्यांदा बघितलं होतं. "आन् ह्याच्या खाली जीव हाय?" त्यांनी विचारलं. मी भाषांतर केलं. लिंडनर म्हणाले, "या, या. बार्श." त्यांचं "या" म्हणजे आपलं "हो".

बार्श म्हणजे हिरवट अंगावर उभे काळे पट्टे, पोटाखाली लाल पर आणि पाठीवर काट्यांचा पंखा असलेला मासा. लिंडनरनी जाकिटातून फोटो काढून दाखवला. तात्यांनी तो लांब धरून पाहिला. "आपल्या चिलापीचा पाव्हणा दिसतोय. पर लई तोऱ्यातला." मग त्यांनी काठीकडे हात केला आणि लिंडनरनी काठी मागे घेतली. परवाना नसलेल्याच्या हातात काठी द्यायची नाही. परवान्यासाठी कोर्स, कोर्सनंतर परीक्षा, परीक्षा जर्मनमध्ये. मी हे सगळं सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता तात्या भडकणार. ते हसायला लागले. "मासं धरायची परीक्षा! चांगलं हाय की. आमच्याकडं ठिवली तर निम्मं गाव नापास." आणखी एक नियम लिंडनरनी सांगितला: पकडलेला, खाण्याजोगा मासा परत पाण्यात सोडायचा नाही. खेळ म्हणून जनावराला छळायचं नाही. धरलास तर मार आणि खा. डोक्यात एक टोला घालायची छोटी लाकडी दांडकी त्यांच्या पिशवीत असायची. तात्यांना हा नियम निम्मा पटला. "खेळ न्हाई करायचा, हे बराबर," ते म्हणाले. बाकीचं निम्मं त्यांनी मनात ठेवलं.

तर असं झालं, की काठीला हात न लावता तात्या दर शनिवारी लिंडनरशेजारी बसायला लागले आणि मी दुभाषी म्हणून मधे. नितीन गाडीत हीटर लावून पेपर वाचायचा. दुसऱ्या शनिवारी तात्यांनी बोट दाखवलं: तिथे, उथळ कडेला, जिथे ऊन पडून बर्फ सुटलाय. लिंडनरनी मान दिला, तिथे गळ टाकला. काही नाही. तिसऱ्या शनिवारी पुन्हा. काही नाही. गाडीत येता येता नितीन हसत म्हणाला, "तात्या, ही भीमा नव्हे." तात्या घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मला त्यांची फार कणव आली. हात तर गेलेच म्हणत होते लोक, आता डोळेही गेले की काय?

पुढच्या शनिवारी त्यांनी पाण्याकडे बघितलंच नाही. लिंडनर गळ बाहेर ओढतील तेव्हा दोरीच्या टोकाचं शिसं ते हातात मागून घ्यायचे (शिशाला परीक्षा लागत नव्हती) आणि गालाला लावायचे. उथळातून आलेलं शिसं गालाला. खोलातून आलेलं शिसं गालाला. डोळे मिटून. लिंडनर माझ्याकडे बघून भुवया उडवत होते, आणि मला आठवतंय, मी खांदे उडवले. असं चार-पाच वेळा झाल्यावर तात्यांनी डोळे उघडले.

"सूनबाई, हितं सगळं उलटं हाय. वरचं पाणी गार आन् खालचं ऊबदार. असं कसं?"

अहो, मी उष्णतेच्या वहनावर पीएचडी करत होते! चार अंशांचं पाणी सगळ्यात जड, म्हणून ते तळाशी बसतं आणि बर्फाजवळचं पाणी त्याहून गार राहतं, हे मी आठवीपासून घोकलेलं. प्रयोगशाळेत तारा लावून, कॉम्प्युटरवर रंगीत चित्रं काढून मी तेच वर्षानुवर्षं मोजत होते. आणि या माणसानं दोन-तीन अंशांचा फरक गालावर ओळखला होता. असं का होतं ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी देवानं माशाला गोधडी खालनं दिली."

मग त्यांनी पुन्हा बोट दाखवलं: बुडालेल्या झाडाच्या पलीकडे, जिथे तळ एकदम खाली जातो. "आन् त्यांना सांग, गळ पळवू नका. थंडीत मासा म्हाताऱ्यागत असतो. ताट उचलून त्याच्यापुढं न्यावं लागतं. ठिवा आन् गप बसा." लिंडनरनी तसं केलं. रबरी मासोळी तळाशी ठेवली, पाच-सहा मिनिटांत इंचभर हलवली. अर्ध्या तासात तीन बार्श. लिंडनरनी आपली घडीची खुर्ची उचलली, तात्यांजवळ ठेवली आणि स्वतः बादलीवर बसले. त्या दिवसापासून खुर्ची तात्यांची.

दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं. लिंडनर जर्मनमध्ये बोलत, तात्या मराठीत, आणि काही वेळानं माझी गरजच उरली नाही. मी तरी जात राहिले. संध्याकाळी तात्या मासे साफ करत, काट्यांचा तो पंखा दोन बोटांत धरून. मला तीनदा टोचला. त्यांना एकदाही नाही.

फेब्रुवारीचा शेवटचा शनिवार आला. तात्यांचं विमान बुधवारी. नितीननंही हार मानायची तयारी केली होती. आदल्या रात्री मला म्हणाला, "नाव त्यांचीच राहणार. खरं सांगू, बरंच वाटतंय." आणि त्या दिवशी लिंडनरची काठी अशी वाकली की ते बादलीवरून उठलेच. दहा मिनिटं चाललं. वर आला तो बार्श माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब, पाठ कुबड आल्यासारखी उंच. सदतीस वर्षांत असा मासा लिंडनरना लागला नव्हता. गळ काढून त्यांनी तो तात्यांपुढे धरला. काठी द्यायची नाही असा नियम होता. मासा धरायला द्यायचा नाही असा नव्हता.

तात्या पाण्याच्या कडेला उकिडवे बसले. उजव्या हाताचा अंगठा माशाच्या खालच्या ओठात, डावा तळवा पोटाखाली. आणि त्यांचा चेहरा बदलला.

"सूनबाई, पोटुशी हाय ही. अंड्यांनी भरलीया."

मी लिंडनरना सांगितलं. ते हळूच म्हणाले, "मला माहीत आहे. या दिवसांत असतातच." आणि दांडकी शोधायला पिशवीत वाकले. नितीन पाठमोरा, थर्मासमधून कॉफी ओतत होता. मी तात्यांकडे बघत होते. त्यांचे हात नेहमीसारखे थरथरत होते, आणि त्या थरथरीत एकच गोष्ट स्थिर होती, तो अंगठा. तात्यांनी एकदा नितीनच्या पाठीकडे पाहिलं. मग तो अंगठा सावकाश, गाठ सोडावी तसा, उघडला.

पाणी उडाल्याचा आवाज झाला. नितीन गर्रकन वळला. लिंडनरनी पिशवीतून डोकं वर काढलं. तात्या रिकामे हात पुढे धरून बसले होते.

"निसटला," ते म्हणाले.

लिंडनरनी पाण्याकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं, दांडकी परत पिशवीत ठेवली. "ना या," म्हणजे असू दे, "बोटं गारठलेली," एवढंच बोलले. नितीनचा आवाज उतरला होता. "तात्या, ठरलं होतं आपलं."

"व्हय. ठरलं व्हतं. नाव पांडूची."

संध्याकाळी नितीन खाली दुकानात गेला तेव्हा मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, मी बघितलंय, आणि मी नितीनला सांगणार. तात्यांनी पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवला. "न्हाई सांगायचं! नितीनच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. उद्या जिन्यात त्या लिंडनरला हसत हसत सांगंल. तो बाबा नेमाचा माणूस. कळल्यावर क्लबाला कळवल्याबिगर त्याला झोप लागायची न्हाई, आन् त्याचा परवाना जाईल. त्याला एकट्याला तेवढंच तळं हाय." मी रडत होते. म्हटलं, तुमची नाव? तुमच्या हातांचं नाव? ते बराच वेळ हातांकडे बघत राहिले. "तिच्या पोटात हजारो व्हती, पोरी. तिला कुटं ठावं माझी पैज." मग नेहमीसारखा काठोकाठ चहा ओतून माझ्यापुढे ठेवला. थेंब सांडला नाही.

तात्या गावी गेले, नाव पांडूच्या हवाली केली. फोन केला की म्हणायचे, "काठावर बसलोय. काठावरनंबी पाणी दिसतंय की." पांडू सांगायचा, जाळं कुठे टाकायचं ते अजून तात्याच दाखवतात, आणि ते चुकत नाहीत. नावेत मात्र पुन्हा पाय ठेवला नाही. चार वर्षांनी, झोपेतच गेले.

आम्ही गावाहून परत आलो तेव्हा लिंडनर भेटायला वर आले. खूप थकले होते. परवाना त्यांनी आदल्या वर्षीच परत केला होता, गुडघ्यांमुळे. सोबत ती घडीची खुर्ची घेऊन आले. म्हणाले, ही त्यांची. नितीनचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "शेवटी शेवटी हात गेले होते हो त्यांचे. तुम्ही होतातच की, तो मासा निसटला तेव्हा."

लिंडनरनी मान हलवली. म्हणाले, "नाईन. नाही. ओठात अंगठा घातलेला बार्श निसटत नाही. सोडावा लागतो. आणि दांडकी पिशवीत वरच होती, शोधायची गरज नव्हती." ते उठले, नितीनच्या खांद्यावर हात ठेवला, आणि जिना उतरून गेले.

नितीननं ती घडीची खुर्ची जवळ ओढली. मग त्यानं मला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"कसा सोडला त्यांनी?"

मी त्याचा उजवा हात घेतला, अंगठा बोटांवर घट्ट दाबला, आणि मग सावकाश उघडला. "असा," मी म्हटलं. "आधी तुझ्याकडे बघून."