विहिरीवर घेतलेला रूम टोन

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. 'अमुक ठिकाणी जाऊन नारळ फोडा' असं खाली कमेंटमध्ये लिहिणाऱ्यांना आधीच सांगतो, तसदी घेऊ नका. मी सिनेमाचा साउंड रेकॉर्डिस्ट आहे. विचित्र आवाज आला की मी आधी खराब वायर शोधतो.

नगर जिल्ह्यात, कर्जतच्या अलीकडे एका शेतात शूटिंग होतं. ज्वारी काढून रान मोकळं झालेलं, मधोमध बांधीव विहीर. माझी धाकटी बहीण वैदेही पहिल्यांदाच सिनेमात काम करत होती. नाटकात तिचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेत पोचायचा. त्या आवाजावरच तिला हा रोल मिळाला होता.

प्रत्येक नटाच्या कमरेला मी काडेपेटीएवढा रेकॉर्डर बांधला होता. हे यंत्र आवाज हवेतून कुठे पाठवत नाही, पोटातल्या कार्डावर साठवतं. त्यातलं घड्याळ - टाइमकोड - सकाळी कॅमेऱ्याशी जुळवलं की कुठला आवाज कुठल्या क्षणाचा, यात चूक होत नाही. हे नीट लक्षात ठेवा.

विहिरीवरची मोटार मी बंद करायला लावली. शेताच्या मालकीणबाईंनी लगेच मोबाईलवर मोठ्याने गाणी लावली. तीही बंद करा म्हटल्यावर भडकल्या.

"सायेब, हितं गप बसायचं न्हाई. एकटं मानूस आलं तरी बोलत ऱ्हातंय. माझ्या सासऱ्याच्या आदीपासनं हाय हे."

"मावशी, आम्ही इथे गाणी ऐकायला आलेलो नाही."

"रान दिलंय तुमाला, आमचं त्वांड बंद करायला न्हाई! करा काय करायचं ते. मग माझ्या दारात येऊ नका."

असल्या आडमुठेपणाने माझं डोकं फिरतं. सीन संपल्यावर मी मुद्दाम विहिरीच्या काठावरच रूम टोन घेतला. म्हणजे सगळ्यांनी जागच्या जागी गप्प उभं राहायचं आणि त्या जागेची शांतता रेकॉर्ड करायची. संवादांमधल्या फटी बुजवायला ती लागते. "एकदम चूप! कुणी खोकलंसुद्धा तर बघा," मी ओरडलो. भर दुपार होती... पाखरूसुद्धा बोललं नाही.

पुढच्या सीनच्या पहिल्याच टेकला वैदेहीने तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. डायरेक्टरला वाटलं संवाद विसरली, तो सगळ्यांसमोर तिला वाटेल ते बोलला. तिने माझं मनगट धरलं, नखं रुतली. कर्जतच्या डॉक्टरांनी घसा तपासला. काही नाही, ताण असेल, म्हणाले.

संध्याकाळी मी तिचं कार्ड ऐकलं. रूम टोनच्या मधेच, माइकला तोंड लावून कुणीतरी बोलावं तसा आवाज. बाईचा नाही, पुरुषाचा नाही, पण रागाचा. "आता बोलून दाखव."

शेजारी खेटून उभ्या असलेल्या नटाच्या रेकॉर्डरवर नुसता वारा. कॅमेऱ्याचं चित्र त्याच टाइमकोडला लावून पाहिलं. सगळ्यांची तोंडं मिटलेली, आणि त्याच क्षणी वैदेहीचा हात गळ्याकडे जातोय.

मालकीणबाईंना फोन केला. "म्या सांगितलं हुतं ना?" एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

नगरला परतताना मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दाबून धरला, आणि वैदेही एकदम म्हणाली, "दादा, मला काय झालंय रे?" मी आनंदाने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. ट्रक पुढे गेला... आणि ती पुन्हा गप्प.

तेव्हापासून हे असंच आहे. आजूबाजूला गोंगाट असेल तर ती बोलते. शांतता झाली की शब्द घशात अडकतो. रोल गेला. नाटकही गेलं, कारण तिथे लोक शांत बसतात. किती डॉक्टर केले, प्रत्येकाचं उत्तर वेगळं.

आमच्या घरी टीव्ही दिवसभर मोठ्याने चालू असतो. परवा दुपारी ती आईला काहीतरी सांगत असताना लाईट गेली. पंखा थांबला, टीव्ही थांबला, ती अर्ध्या वाक्यात थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी घसा फाडून बेचा पाढा म्हणायला लागलो. मग आईनेही सूर धरला, आणि बे दाहे वीस होईपर्यंत वैदेहीने आपलं वाक्य पुरं केलं.