चौकीताईची दहा मिनिटं

नदी समुद्राला मिळते तिथे अलीकडच्या काठावर एक टेकाड आहे, टेकाडावर बंदर खात्याची चौकी आहे आणि चौकीत एक बाई बसते. तिचं खरं नाव हजेरीच्या कागदावर असेल तर असेल. पलीकडच्या काठावरच्या तीस-बत्तीस होड्या तिला चौकीताई म्हणतात. म्हणजे वायरलेसवर म्हणतात हो, प्रत्यक्षात नाही. अकरा वर्षांत त्यांच्यातल्या एकानेही तिचा चेहरा पाहिलेला नाही.

काम ऐकायला सोपं. नदीच्या मुखाशी पाण्याखाली वाळूचा मोठा उंचवटा आहे. भरती असली की होडी त्याच्यावरून सुखरूप आत येते. ओहोटी लागली की पाणी उथळ होतं, नदी बाहेर ढकलते, समुद्र आत ढकलतो आणि त्या दोघांच्या भांडणात लाट उभी राहून फुटते. त्यात होडी सापडली की खेळ खलास. म्हणून ताईने सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत दर दोन तासांनी खिडकीशी बसायचं, घड्याळ लावून दहा मिनिटं लाटा मोजायच्या आणि किती फुटल्या, कुठे फुटल्या ते नोंदवहीत लिहायचं. मुख्य कचेरीतून वाऱ्याचा नि लाटांचा अंदाज येतो, तो त्याला जोडायचा आणि वायरलेसवर सांगायचं, मुख उघडं आहे किंवा मुख बंद आहे. होड्यांनी ‘ऐकलं’ म्हणायचं, की झालं. पलीकडे घरोघरीही एकेक वायरलेस आहे, पण तो नुसता ऐकायचा. आपला माणूस केव्हा येणार ते घरी कळावं म्हणून खात्यानेच ते डबे वाटले होते.

तर अशी ही बाई दिवसातून सात वेळा बोलायची, आणि तिच्याशी मात्र कोणी बोलायचं नाही. आईवडिलांचं दुखणं काढता काढता लग्न राहून गेलं. भाऊ महिन्यातून एकदा फोन करायचा आणि “कंटाळा आला तर ये आमच्याकडे” असं अशा काही सुरात म्हणायचा, की ऐकणाऱ्याने तिकडे फिरकूच नये. रविवारी बदली माणूस यायचा, तो आल्याबरोबर कानात गाणी खुपसायचा. उतारावर एकच दुकान, आणि दुकानदार बिचारा ठार बहिरा! शेवटी ताई केरसुणीशी बोलायला लागली. “चल गं बाई, आज कोपरे काढू” वगैरे. एकटेपणाचे गोडवे गाणारे लोक असतात ना, त्यांना एक महिना या चौकीत आणून ठेवा, मग विचारा. ती एकटी होती, आणि तिला ते मुळीच आवडत नव्हतं.

पलीकडे का गेली नाही म्हणाल, तर बस वरच्या पुलावरून वळसा घालून जाते, तासभर लागतो. दोन मोजण्यांच्या मध्ये जाऊन येणं अशक्य. आणि संध्याकाळी सहानंतर जाऊन सांगायचं काय, ‘मी आले’? कोणाला?

त्या दिवशी कचेरीचा अंदाज असा होता: दिवसभर समुद्र शांत, संध्याकाळी पाचनंतर नैऋत्येचा जोराचा वारा, आणि लांब कुठेतरी झालेल्या वादळाच्या मोठ्या लाटा रात्री उशिरा इथे पोचतील. सकाळी आठला पूर्ण भरती होती. शहाण्या होड्या त्या भरतीबरोबर आत आल्या. एकच मागे राहिली, लाल होडीवाल्याची. त्याचं इंजिन म्हणजे दुखणंच होतं.

दहा वाजता ताई खिडकीशी बसली. ओहोटी लागून दोन तास झालेले, पण पाणी अजून पुरेसं होतं. दहा मिनिटं मोजली. एक लाट फुटली नाही. समुद्र कसा, इस्त्री केल्यासारखा. ताईने लिहिलं, शून्य. सांगितलं, “मुख उघडं आहे. अकरापर्यंत आत या.” लाल होडीवाला म्हणाला, “ऐकलं.” ताई उठली आणि चहा टाकायला आत गेली.

आता इथे तिची चूक झाली, आणि ती समजून घ्या, कारण ती तुमच्या-माझ्यासारख्या नवख्याच्या हातून व्हायची नाही, सवयीच्या माणसाच्याच हातून होते. लांबून येणाऱ्या लाटा एकेक येत नाहीत, घोळक्याने येतात. एक घोळका फुटून गेला की समुद्र साळसूद होतो. कधी पाच मिनिटं, कधी बारा, कधी चौदासुद्धा. पहिल्या वर्षी ताई अर्धा अर्धा तास बसून मोजायची, दुसरं काम तरी काय होतं? पुढे डोळे दुखायला लागले, मन उडालं, आणि नियमात दहा लिहिलंय ना, मग दहा, असं झालं. वादळाच्या लाटा कचेरीला न जुमानता बारा तास आधीच येऊन ठेपल्या होत्या, आणि ताईची दहा मिनिटं नेमकी दोन घोळक्यांच्या मधोमध पडली होती.

पाणी उकळायच्या आत बाहेरून आवाज आला. ताई धावत खिडकीशी आली. उंचवट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं झालं होतं, आणि लाल होडी त्या पांढऱ्याकडे तोंड करून निवांत येत होती. त्याच्यापुढे पाठमोऱ्या लाटा. फुटल्यावर त्या कशा दिसतात ते इकडून कळतं, समुद्राकडून नाही कळत.

“लाल होडी! मागे फिरा! आत्ताच्या आत्ता मागे फिरा!” ताई किंचाळली.

त्याने विचारलं नाही, ऐकलं म्हटलं नाही, सुकाणू गरकन फिरवलं. ते दुखणेकरी इंजिन त्या वेळी मात्र शहाण्यासारखं वागलं. होडी वळून बाहेर निघाली आणि ती जिथे पोचली असती तिथे घराएवढी लाट कोसळली. 

थोड्या वेळाने वायरलेसवर आवाज आला. “ताई, तुमच्यामुळे वाचलो.”

ताईने भरती-ओहोटीचं कोष्टक ओढून पाहिलं. आणि एवढंच म्हणाली, “मुख बंद आहे. खोल पाण्यात नांगर टाका. दोनला भरती लागेल, साडेतीनला पाणी पुरेसं होईल. पाचच्या आत तुम्हाला आत यायलाच हवं, नंतर वारा आहे.”

“बरं. इथे बसणं नि घरी बसणं, सारखंच,” तो म्हणाला.

बाहेर अडकलेल्या होडीला दर पंधरा मिनिटांनी विचारायचं, असा नियम आहे. नांगर धरून आहे? आहे. नांगर धरून आहे? आहे. चौथ्या वेळी काय झालं कोण जाणे, ताईने नियमात नसलेलं विचारलं. “जेवलात का?”

 आगाऊपणा झाला, असं वाटून ताईचे कान तापले. मग तो हसल्याचा आवाज आला. “डबा सकाळीच संपला. भुकेचं काय ताई, एकदा भीती पोटात शिरली की भुकेला जागाच उरत नाही.”

आणि मग तो सुटलाच. मेहुण्याने हे इंजिन कसं गळ्यात मारलं ते सांगितलं, इंजिनाला आणि मेहुण्याला एकाच दमात शिव्या घातल्या, वर “माफ करा हं ताई” म्हणाला. गुडघ्याचं सांगितलं. ताईनेही केरसुणीचं सांगून टाकलं. तो इतका हसला, की तिकडे होडी हलली असेल. ताईला आठवेना, आपण शेवटचं कोणाला हसवलं होतं. नांगराचं विचारायला ती दोनदा विसरली, खोटं कशाला बोला!

दुपारी एकच्या सुमाराला त्याचा आवाज जरा खाली आला. “ही या वेळी बर्फाच्या कारखान्यात असते, म्हणून सांगतो. आमची एकुलती एक लेक लग्न करून सातासमुद्रापलीकडे गेली. चार वर्षं झाली. इथे बाहेर आलो ना ताई, की मी तिला हाक मारतो. मोठ्यांदा. ऐकायला कोण आहे? घरी नाव काढत नाही. हिला त्रास नको.”

 ताई नुसतं “हं” म्हणाली. 

पण दर वेळी बोलणं संपवताना तो म्हणायचा, “तुमच्यामुळे वाचलो बरं का,” आणि ताईला ते नखात काटा गेल्यासारखं लागायचं. आता तिच्याच शब्दावर तो दुसऱ्यांदा आत येणार होता. खरं सांगितलं आणि त्याचा विश्वास उडाला, स्वतःच्या अकलेने घुसला, तर? नाही सांगितलं, तर तो एका खोट्यावर भरवसा ठेवून येणार. बरं, सांगायचं तर चारचौघांत, सगळी बंदरपट्टी ऐकत असताना. पावणेतीनला तिने बटण दाबलं.

“दादा, सकाळी मी तुम्हाला वाचवलं नाही. मीच मरणाच्या दारात बोलावलं होतं. मी दहाच मिनिटं मोजलं, आणखी चार मिनिटं बसले असते तर घोळका दिसला असता. चहा करायला उठले. चूक माझी आहे.”

तिने बटण सोडलं. 

“मग आता दहा मिनिटं नको,” तो म्हणाला. “अर्धा तास मोजा. मी कुठे जातोय?”

ताईने अर्धा तास पापणी लवू न देता मोजलं. दोन घोळके आले, मध्ये तेरा मिनिटं शांत. होडीला उंचवटा ओलांडायला लागतात सहा. तिने अजून एक घोळका जाऊ दिला, त्यातली शेवटची लाट विरेपर्यंत थांबली आणि म्हणाली, “निघा.” सहा मिनिटं ती श्वासच घेत नव्हती म्हटलं तरी चालेल. लाल होडी उंचवट्यावर आली, डुलली, उतरली, आणि नदीच्या संथ पाण्यात शिरली. “आलो ताई. बंद करतो,” तो म्हणाला आणि वायरलेस बंद झाला. ताई टेबलावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली.

कचेरीतून साहेबांचा फोन आला. “नोंदवहीत दहा मिनिटं लिहिलीत ना? मग झालं. तुमच्यावर काही येत नाही.” साहेब माणूस भला, पण त्याला काय कळणार? ताईने सहाची मोजणी केली, मुख बंद आहे म्हणून सांगितलं, चौकीला कुलूप लावलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा पलीकडे जाणारी बस पकडली. माफी मागायची ती तोंडावर मागावी, वायरलेसवर नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

सात वाजून गेले होते, अजून उजेड होता. वारा सुटला होता. धक्क्यावर लाल होडी दिसली, पण माणूस नव्हता. होडीच्या दोराशी एक बाई उभी होती, गाठी पुन्हा पुन्हा ओढून बघत होती.

“या होडीचे मालक कुठे भेटतील?” ताईने विचारलं.

बाई गर्रकन वळली. आवाजावरूनच ओळखलं तिने. “चौकीताई?”

आता ही बोलणार, आता कानाखाली वाजवली तरी आपण काही म्हणायचं नाही, असं ठरवून ताई उभी राहिली. “चूक माझी होती,” ती म्हणाली. “त्यांची माफी मागायला आले.”

“ते घरी आहेत. आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलेत,” बाई म्हणाली. “सकाळी कारखान्यात कळलं, होडी बाहेर अडकली. तशीच घरी पळाले आणि त्या डब्यासमोर बसले, ते आत येईपर्यंत. सगळं ऐकलं, आणि ते त्यांनाही कळलंय.” तिने पदराने नाक पुसलं. “त्या मेल्या डब्याला बोलायचं बटण नाही हो. लेकीचं ऐकलं आणि मी आपली डब्यालाच सांगत बसले, अहो, मीसुद्धा नाव काढत नाही, तुम्हाला त्रास नको म्हणून. चार वर्षं एका घरात दोन माणसं गप्प. मला वाटायचं, ते विसरले तिला.”

 ताईने त्या बाईचा हात धरला. बर्फात काम करणारा हात, गारठलेला.

“आता घरी जायचं म्हटलं तर पाय उचलत नाहीत,” बाई म्हणाली. “काय बोलू त्यांच्याशी? सवयच नाही. ताई, तुम्ही चला ना घरी. दोन घास खाऊन जा. तुम्ही समोर असलात की ते बोलतील.”

अकरा वर्षांत ताईला कोणी घरी बोलावलं नव्हतं. समोर गल्लीत दिवे लागत होते, कुठल्याशा घरात ताटं मांडल्याचा आवाज येत होता, आणि तिला जावंसं वाटलं, इतकं वाटलं की तिचं एक पाऊल पुढे पडलंसुद्धा. मग तिने ते मागे घेतलं.

“आज नको,” ताई म्हणाली. “मी असले तर ते माझ्याशी बोलतील.”