दोन्ही लिंक आमच्याच

ती घटना आठवली की आजही मला स्वतःची लाज वाटते. मी तेव्हा नागपूरकडच्या गोरेगाव ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. बाजाराचा दिवस होता, निम्मी माणसं बंदोबस्ताला. त्या गडबडीत एक मुलगी वडिलांना घेऊन ठाणे अंमलदारासमोर उभी राहिली. नर्स भरतीची परीक्षा आठ दिवसांवर आली होती आणि वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी होती.

नागपूरचा एक प्रकाशक आपल्या गाइडच्या वाचकांना मेलवर सराव प्रश्नपत्रिका पाठवायचा. लांबलचक पत्त्याऐवजी तो आखूड केलेली लिंक द्यायचा, म्हणजे किती जणांनी ती उघडली हे त्याला कळे. तशाच एका मेलमध्ये 'हॉलतिकीट आलं' असं वाचून या मुलीने गावातल्या नेट कॅफेत लिंक उघडली आणि भरतीच्या अर्जाचा पासवर्ड टाकला. दुसऱ्या दिवशी अर्ज उघडेना, म्हणजे खरं हॉलतिकीटही निघेना. पासवर्ड कोणीतरी बदलला होता.

खबऱ्याने सांगितलं, नेट कॅफेवाला गिऱ्हाईकांचे पासवर्ड वहीत लिहून ठेवतो. झालं, वही जप्त! खरं तर पासवर्ड विसरतो म्हणून लोकच त्याला लिहून ठेवायला सांगत, आमच्याकडे ती रीतच होती. पण मी ऐकतो कुठला? दोन दिवस त्या चाळिशीच्या माणसाला फैलावर घेतलं, एकदा हातही उचलला. शेवटी तो शांतपणे म्हणाला, "साहेब, मले मारून काय भेटन? त्या लिंकच्या शेवटी अधिकचं चिन्ह लावून पाहा. कुठं जाते ते दिसते जी."

लावलं. लिंक भलत्याच, बनावट पानावर जात होती.

कोणीतरी प्रकाशकाची नक्कल केली असणार, असं धरून मी त्याला बोलावलं. सराव प्रश्नपत्रिकेचा मेल आणि हॉलतिकिटाचा मेल, दोन्हींच्या छापील प्रती पुढे ठेवून विचारलं, यातली तुमची लिंक कोणती? त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"दोन्ही आमच्याच दिसतात," तो म्हणाला.

मी चक्रावलो. त्याचं लिंक आणि मेल पाठवायचं खातं उघडून पाहिलं, तर दोन्ही लिंक खरोखर तिथेच तयार झालेल्या. मेलही तिथूनच सगळ्या वाचकांना गेलेला. अपमान करून काढून टाकलेल्या एका कामगाराकडे त्या खात्याचा पासवर्ड तसाच राहिला होता आणि मालकाने तो बदललाच नव्हता.

कामगाराने लगेच कबुली दिली. मुलीला तो ओळखतही नव्हता. "मला फक्त शेठचं नाव खराब करायचं होतं," तो म्हणाला. अर्जांना कोणते नवे पासवर्ड टाकले, हेही त्याला आठवत नव्हतं. इतकी वर्षं नोकरी केली, पण वैर नसताना कोणी कोणाचं एवढं नुकसान केलेलं मी पाहिलं नव्हतं.

भरती विभागाशी पत्रव्यवहार करून मुलीचा अर्ज खुला झाला, तो परीक्षा होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी.

कॅफेवाल्याची मी माफी मागितली. हाती लागली ती वही मी पुरावा मानली आणि मेल कुठून आला हे विचारलंच नाही. तपासात सोपं सापडलं की आधी त्यावर संशय घ्यावा, हे मी तिथे शिकलो.

आरोपी सापडल्याचं सांगायला तिच्या घरी गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मेल त्याईचाच, नाव बी त्याईचंच. मंग मी काय पाहाले पाहिजे होतं, साहेब?"

तुझं काही चुकलं नाही, एवढं मी म्हणालो. मी ते दोन दिवस वाया घालवले नसते तर ती परीक्षेला बसली असती, हे सांगायला मात्र जीभ रेटली नाही. म्हणून आज लिहितो आहे.