तक्रार बंद करणार नाही

माझी माय एका बंद पडलेल्या मोटारीला मागून धक्का देत होती आणि मोटारीतला माणूस काचा वर करून आत बसून होता.

उतरला नाही. गाडी तेवढीच हलकी झाली असती, तरी नाही. माय, तिच्यासोबतच्या अकरा बाया, आमच्या पिकअपचे मालक रफिकभाई आणि मी. अंगाला घासून ट्रक जात होते. मायच्या चपलेचा अंगठा तुटला. तिनं चप्पल पायानंच बाजूला सारली आणि तापल्या रस्त्यावर अनवाणी पाय रोवला. "जोर लावा, जोर लावा," असं कोणीतरी बायांना ओरडून सांगत होतं.

तो मी होतो.

हे आधीच लिहून टाकतो. पुढे मी कोणाला सोडणार नाही, तर स्वतःला तरी का सोडू.

या बाया अकोल्यात एका डाळ मिलमध्ये डाळ निवडतात. राहतात बाळापूरकडच्या आमच्या गावात. मिलमध्ये बायांसाठी संडास एकच, आणि त्याला कुलूप. किल्ली ऑफिसात. बाया दिवसभर पाणी पीत नाहीत. प्यालं तर जायचं कुठं? मी पत्रकं काढली, गेटवर वाटली, अर्जावर अर्ज केले. शेवटी अमरावतीच्या कामगार ऑफिसात सुनावणी लागली. दुपारी एक वाजता. बारा जणींनी खाडा केला, ठेवणीतली पातळं नेसली आणि सकाळी रफिकभाईंच्या पिकअपमध्ये चढल्या.

मूर्तिजापूर सोडलं आणि क्लच प्लेट गेली.

टोलच्या पावतीवर मदतीचा नंबर असतो. मी लावला. पलीकडच्या बाईनं नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग गाडीत काय माल आहे ते विचारलं. "माल नाही, माणसं आहेत," मी म्हणालो. अर्ध्या तासात क्रेन येईल म्हणाली. मोबाईलवर तक्रार नंबर आला. साडेदहा वाजले होते. बडनेऱ्यापर्यंत ओढून नेलं असतं तरी पुढं ऑटोनं पोचलो असतो.

क्रेन तासाभरानं आली आणि आमच्याजवळून पुढं गेली. शंभर पावलांवर एक पांढरी, मोठी गाडी चालत्या लेनमध्येच बंद पडली होती. नुकतीच. क्रेनवाला तिच्याजवळ उतरला, काचेपाशी वाकला, हात जोडले. मग आमच्याकडे आला.

"चला बे, धक्का मारा. भाऊसाहेबाची गाडी कडेले घ्या लागते. मांगून ठोकन कोनी."

"क्रेन आमी बलावली," रफिकभाई म्हणाले.

"मंग तुमचीच ओढतो ना. पयले ते कडेले घ्या. एवढ्या बाया हायेत, कवा कामी येतीन?"

मी त्याच्यावर विश्वास ठेवला, असं सांगायला बरं वाटलं असतं. खरं सांगतो. त्या गाडीच्या काचेवरचं पक्षाचं चिन्ह पाहिलं आणि माझी मान आपोआप खाली गेली. मिलच्या गेटवर माइक धरणारा मी. "चला मावशी, हात लावा," म्हणालो.

गाडी कडेला लागली. काच चार बोटं खाली आली. आतून थंड हवा आली, मग पाण्याची बाटली आली. उष्टी, अर्धी.

"घे, बायांना दे."

मायनं हात पुढं केला नाही. काच वर गेली.

क्रेननं ती गाडी उचलली. मी धावलो.

"आमचं काय?"

"मालाच्या गाडीत बाया भरल्या तुनं. लावू का पोलिसाले फोन? उभा राय चूपचाप."

गेली. भाऊसाहेब आमच्या क्रेनमध्ये, पुढच्या सीटवर.

माय कठड्याला टेकून बसली. "तुह्या पत्रकात लिवलं होतं का रे, लोकाच्या गाड्या ढकला म्हनून?" कोणी हसलं नाही. "त्यानं नाई लावलं मले कामाले. तुनं लावलं."

तेवढ्यात मोबाईल वाजला. मेसेज होता. तुमची गाडी सुरक्षित स्थळी पोहोचली आहे, तक्रार बंद करण्यासाठी हा ओटीपी कर्मचाऱ्यास सांगा. पाठोपाठ क्रेनवाल्याचा फोन.

"ओटीपी सांग बरं."

माझ्या तक्रारीवर त्यानं ती गाडी नेली होती. कागदोपत्री मदत मला मिळाली होती.

"दे दो बेटा," रफिकभाई हळूच म्हणाले. "मेरी गाडी रोज इसी रोड पे है."

खरं होतं. मी मायकडे पाहिलं. ती तळव्यात रुतलेला खडा काढत होती. वर बघितलंच नाही तिनं.

"नाही देत," मी म्हणालो.

"काहून?"

"गाडी इथंच उभी हाय म्हणून."

त्यानं शिवी दिली. मग भाऊ म्हणाला. मग पुन्हा शिवी. मी फोन ठेवला.

एका ट्रॅक्टरवाल्यानं दोर बांधून आम्हाला बडनेऱ्यापर्यंत ओढलं. अमरावतीच्या ऑफिसात पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. शिपायानं कागद दाखवला. अर्जदार गैरहजर, प्रकरण बंद. बारा बाया जिन्यात उभ्या होत्या, एकीच्या पायात चप्पल नव्हती, आणि कागदावर आम्ही गैरहजर.

त्या जिन्यात मला कळलं. आमची तक्रार आम्हाला न विचारता बंद होते. ही क्रेनची तक्रार मात्र मी ओटीपीचे आकडे सांगितल्याशिवाय बंद होत नाही. या लोकांचं काहीतरी पहिल्यांदा माझ्या मुठीत आलंय.

तक्रार उघडी राहिली की टोल कंपनीला वरून दंड बसतो म्हणे. आता रोज नवा ओटीपी येतो. रोज फोन. आधी क्रेनवाला, मग सुपरवायझर, मग त्याच्यावरचा. क्रेनवाल्याला घरी बसवलंय. लेकरं आहेत म्हणतो. असतील. माझ्या मायलाही लेकरू आहे. परवा सुपरवायझर म्हणाला, क्लच प्लेट फुकट बसवून देतो. रफिकभाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "क्लच मैंने डाल लिया, साब. अपनी बात करो." रोज त्याच रस्त्यानं जाणारा माणूस हे बोलला.

मिलचा अर्ज मी नव्यानं टाकलाय. आणि टोलवाल्यांना एक अट लिहून कळवली आहे. भाऊसाहेबानं त्याच जागी यायचं, भर उन्हात. पिकअपमध्ये पुढं माय बसेल, काच वर करून. त्यानं मागून ढकलायचं. शंभर पावलं. क्रेनवाल्यानं बाजूला उभं राहून "जोर लावा" म्हणायचं. माफीचं पत्र नको, चहा नको, चर्चा नको.

मायला विचारलं, बसशील का.

"बसन," ती म्हणाली. "अन् तू कुठं राहशीन?"

मी त्याच्या शेजारी. त्याच्याबरोबर मीही ढकलणार आहे, अनवाणी. शंभर पावलं झाली की मायच्या तोंडून त्यांना ओटीपी मिळेल. त्याआधी नाही.