पास्टर बाहेर उभे असताना

मत घ्यायची वेळ आली की आमचे पास्टर चपला पायात सरकवून बाहेर जायचे. "मी आत बसलो तर तुमी माज्या तोंडाकडं बघून हात वर करता. तुमी ठरवा, मी बाहेर हाय."

असा पाळक तुम्ही तरी पाहिलाय का? बाकी ठिकाणी पाळक बोलतो आणि लोक आमेन म्हणतात. आमच्या मुरबाडकडच्या छोट्या मंडळीत नाताळला लाडू की करंज्या, यावरही हात वर व्हायचे. चर्चच्या भिंतीला पास्टरांना पांढरा रंग हवा होता, मंडळीने हिरवा ठरवला. पास्टरांनी स्वतः शिडीवर चढून हिरवा फासला आणि खाली उतरून म्हणाले, "कसला भयाण दिसतोय रे!"

एकदाच त्यांनी कुणाला विचारलं नाही. मंडळीतल्या शांतीला तिच्या नवऱ्याने म्हसा गावच्या जत्रेतून आणलेल्या बैल हाकायच्या काठीने मारलं. उजवं मनगट मोडलं. पास्टरांनी तिला आपल्या आईजवळ ठेवून घेतलं आणि नवऱ्याला प्रभुभोजन बंद केलं, म्हणजे मंडळीबाहेरच काढलं. मंडळीचे वडील, म्हणजे कारभार बघणारे पंच, भडकले. "ठरवणारे तुमी कोण? त्यानं माफी मागितलीय. मंडळीला विचारा."

"बरोबर हाय. चुकलं माजं," असं म्हणून पास्टरांनी सभा बोलावली. नवऱ्याला परत घ्यायचं आणि शांतीने त्याच्या घरी जायचं का, एवढाच प्रश्न. तो मांडून ते बाहेर गेले.

त्यांची पाठ वळताच नवरा उठून दाराशी उभा राहिला. बोलला काही नाही. एकेकाकडे बघत राहिला. पुरुषांचे हात वर गेले, मग बायकांचे. मी सेक्रेटरी, माझाही गेला. शेवटी शांतीने डावा हात वर केला.

निकाल सांगायला मी बाहेर गेलो.

"तिनंपण केला?"

"केला. एकमतानं झालं."

नवरा दाराशी कसा उभा होता, ते मी गिळलं.

आठवडा भरायच्या आत त्याने तिचा डोळा फोडला. ओरडा ऐकून धावलो, तर पास्टर अंगणात त्याच काठीने नवऱ्याला झोडपत होते. दात पडले, हात लोंबायला लागला, तरी थांबेनात. मी मागून धरलं तर त्यांच्या कोपराने माझं नाक फुटलं. "सोड! आता काय मंडळी बोलावू?"

ते शांतीला घेऊन शहापूरच्या दवाखान्यात गेले. इकडे सभा भरली. हात उचलणारा पाळक नको, असं ठरलं. एकमतानेच.

मी दवाखान्यात गेलो तेव्हा ते तिला चमच्याने पेज भरवत होते. मी सभेचा निकाल सांगितला.

"तुजा हात?"

"माझापण." मग दाराशी उभ्या राहिलेल्या नवऱ्याचंही सांगून टाकलं.

पास्टरांचा चमचा थांबला. शांतीच म्हणाली, "त्याला काय इचारता? तुमी का बाहेर गेलेलात?"

दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यावर ते आईला आणि शांतीला घेऊन कसाऱ्याच्या पलीकडे कुठेतरी गेले, ते पुन्हा दिसले नाहीत.

नवे पास्टर सगळं स्वतःच ठरवतात. कुणाला हात वर करावा लागत नाही, म्हणून मंडळी खूश आहे. शांतीचा नवरा पहिल्या रांगेत बसतो. मी त्याच्या शेजारी.